वाणातला पेरू

शनिवारी दुपारी दोन ते सहा आपण या घरात नाही, असं वैदेहीनं सोमवारपासून बजावून ठेवलं होतं. घरात नाही म्हणजे काय, तर वरच्या चिमुकल्या बॉक्सरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती बसणार होती. लॉकडाउनमुळे पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला सरकारचीच बंदी. जाऊन जाणार कुठं? पण ते चार तास ती आयर्लंडमधल्या ओंगारमध्ये नव्हे, पेरूमधल्या कुस्को शहरात असणार होती.

गेल्या एप्रिलमध्ये ती, नवरा यशोधन आणि मुलगी तन्वी असे तिघं तिथं खरोखरच जाणार होते. विमानं बंद झाली, ट्रिप बुडाली, आणि टूरवाल्यांनी बदल्यात एक लाइव्ह सहल देऊ केली. कुस्कोची गाइड हातात फोन धरून शहराभोवतीचे इंकांचे अवशेष हिंडवून दाखवणार. अर्ध्या दिवसाची सहल, चार ठिकाणं. वैदेहीला खरी ओढ होती ती चौथ्याची, ताम्बोमाचायची. तिथं दगडी भिंतीतून पाणी वाहतं, शेकडो वर्षं. कॉलेजात असताना पुस्तकातला तो फोटो बघत ती कितीदा बसली होती. फोटोला आवाज नसतो. तिला तो आवाज ऐकायचा होता, बाकी काही नको.

पुण्यात वैदेही आर्किटेक्ट होती. आयर्लंडला आल्यापासून तिनं उभारलेली एकमेव वास्तू म्हणजे तन्वीचं ठोकळ्यांचं घर, आणि तेही तन्वीनं लाथ मारून पाडलं होतं.

नेमकं त्याच शनिवारी, त्याच वेळी, ओंगारच्या मराठी बायकांचं ऑनलाइन हळदीकुंकू निघालं. "मला थोडं काम आहे हो," म्हणून वैदेहीनं पद्मजाताईंना टाळलं. पद्मजाताई म्हणजे बायकांच्या ग्रुपच्या सर्वेसर्वा. त्या म्हणाल्या, "राहू दे, नको येऊस. लिंक तेवढी बनवून टाक. तुला जमतं ते." वैदेहीनं टाकली. एका हातानं पोहे परतत, दुसऱ्या हातानं तन्वीचा शाळेचा गृहपाठ पाठवत, टाकली.

शनिवारी दोनला पडद्यावर निल्दा आली. पन्नाशीची, दोन वेण्या, डोक्यावर उंच हॅट, आणि मागं साक्सायवामानची, घराएवढाल्या दगडांची नागमोडी तटबंदी.

"आज तुम्ही एकट्याच आहात," निल्दा म्हणाली. वैदेहीला भरून आलं. एकटी. हा शब्द तिनं वर्षभरात ऐकला नव्हता.

तेवढ्यात दार ढकलून तन्वी आली. "मॅमी, डॅडी सेज, वेअर आर माय टाइट्स?"

"हॉट प्रेसमध्ये. गरम पाण्याच्या टाकीवरच्या कपाटात. बाबाला म्हणावं, या घरात तू पण राहतोस."

"ही नोज," तन्वी म्हणाली आणि दार उघडंच टाकून गेली.

वैदेही दार लावून वळली, तर पडद्यावर पैठणी. मग आणखी एक पैठणी. मग काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने घातलेलं एक बाळ, आणि बघता बघता चौदा चौकटी. वैदेहीचा हात आधी कॅमेऱ्याकडे गेला आणि मग कपाळाकडे.

"अय्या, वैदेही आलीच की," पद्मजाताई म्हणाल्या. "काम होतं ना गं तुला?" आणि उत्तराची वाट न बघता निल्दाकडे वळल्या. "बॅकग्राउंड फार सुरेख आहे हो तुमचं. कुठून डाउनलोड केलंत? नवीन दिसता ओंगारला."

निल्दाला एक अक्षर कळलं नाही, पण ती हसली. बायकांना तेवढं पुरलं. स्वरूपानं तर घसा खाकरून नावच घेतलं:

"संक्रांतीच्या वाणात आला पिकलेला पेरू,
हेमचंद्ररावांचं नाव घ्यायला कशाला मी घाबरू?"

वैदेहीनं निल्दाला खासगीत लिहिलं: या बायका चुकून आल्या आहेत, कृपया त्यांना बाहेर काढा. निल्दानं ते सगळ्यांसमोर वाचलं. "काढू? दहा महिने मी रिकाम्या दगडांशी बोलते आहे. सगळ्यांनी राहा." मग उखाण्यांचा अर्थ विचारून घेतला आणि नवऱ्याचं नाव घेताना एवढं सजावं का लागतं, हेही विचारलं. त्यात पहिलं ठिकाण गेलं.

दुसऱ्या ठिकाणी नावांवरून गाडी अडली. मघाच्या साक्सायवामानमधला वामन कुठला, बळीराजा इथंच गाडला काय, आणि पुढचं ते तांब्या-माचाय, तिथं चहा मिळतो का. वैदेही दातओठ खात बसली होती. वर्षभरात एकदा, फक्त एकदा, तिनं स्वतःसाठी दार लावून घेतलं होतं, आणि अख्खं ओंगार नटूनथटून त्यातून आत शिरलं होतं. बरं, बोलवायला गेलं कोण? तीच, घाईत स्वतःच्या सहलीची लिंक ग्रुपवर टाकून. म्हणजे चिडायचं तर स्वतःवर, आणि स्वतःवर चिडायला तर घरात रोजच वेळ मिळतो.

तिसऱ्या ठिकाणी तिनं ठरवलं, आता स्पष्ट सांगायचं. 'बायांनो, तुम्ही चुकीच्या लिंकवर आहात.' वाक्य जुळवून तिनं म्यूट काढला. त्याच क्षणी निल्दानं भिंतीवर हात ठेवला. "चुना नाही, माती नाही. नुसते दगडात दगड बसवलेले. जगात हे दुसरीकडे कुठंच नाही."

"पद्मे, काय म्हंते वं हे बाई?" पद्मजाताईंच्या चौकटीत मागून एक पांढरं डोकं पुढं आलं. त्यांच्या आई, अकोल्याकडच्या. दोन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि विमानं थांबल्यापासून इथंच होत्या. पद्मजाताईंनी अर्थ सांगितला.

"जगात नाई? मंग आमच्या गावचं महादेवाचं देऊळ का शिमिटानं बांधलं? सांग तिले."

"आई, असू दे ना. गाइड आहे ती."

"गाइड असन. म्हनून काहीबी बोलन काय?"

"वैदेही, तूच सांग गं बाई," पद्मजाताई वैतागून म्हणाल्या. "तुझं इंग्लिश बरं आहे."

वैदेहीनं तोंड उघडलं. चुकीच्या लिंकचं वाक्य जिभेवर होतं, पण बाहेर आलं ते वेगळंच.

"आजी बरोबर बोलतायत," ती निल्दाला म्हणाली. "असं कसं कुठंच नाही? हेमाडपंती देवळं आहेत आमची. मी स्वतः मोजलीयेत."

मग ती थांबेचना. सिन्नरचं गोंदेश्वर, मे महिन्याचं ऊन, हातात टेप, दगडातल्या खाचा आणि खुंट्या. धावत जाऊन तिनं कपाटाच्या तळातून कॉलेजची वही काढली आणि पानामागून पान कॅमेऱ्यासमोर धरलं. निल्दा भिंतीवर बसली आणि प्रश्न विचारू लागली. वजन कसं तोललंय? कोपरा कसा वळवला? आजी मधूनमधून "हा, असंच हाय" म्हणत होत्या. तन्वी येऊन दारात उभी राहिली आणि काही न मागता परत गेली.

"माफ करा," निल्दा अचानक म्हणाली. "फोनची बॅटरी संपत आली. ताम्बोमाचाय राहिलं." आणि तिची चौकट काळी झाली.

मग स्वरूपा म्हणाली, "काय हे वैदेही. मला ते पाणी बघायचं होतं."

"अर्ध्या दिवसाची सहल," पद्मजाताई म्हणाल्या, "आणि त्यातला अर्धा दिवस तूच बोललीस. बोलावतेस कशाला मग आम्हांला?"

एकेक करून सगळ्या निघून गेल्या. वैदेहीनं लॅपटॉप मिटला. ती धाडधाड जिना उतरली. यशोधन सोफ्यावर आडवा होता. "कशी झाली? ग्रँड?"



"यू वर शाउटिंग अबाउट स्टोन्स," तन्वी म्हणाली, आणि शेजारी सरकून तिला जागा करून दिली. पुढ्यात ठोकळ्यांचं नवं घर होतं. कोपरा कसाबसा वळवलेला, पण उभं होतं.

जेवणं झाल्यावर निल्दाची मेल आली. उद्या दोन वाजता ती पुरी बॅटरी घेऊन फक्त पाण्यापाशी जाणार होती. लिंक तीच. 'वही आण. आणि आजींना आण.'

वैदेहीनं या वेळी लिंक तीनदा तपासली. ग्रुप उघडासुद्धा केला नाही. फक्त आजींच्या नंबरावर पाठवली आणि खाली लिहिलं: "आजी, उद्या दोन वाजता. आपण दोघीच. कुणाला सांगू नका."

आजींना टाइप करता येत नसे. व्हॉइस मेसेज आला. "नाई सांगत वं माय कोनाले. येक पद्मीले सांगतलं फक्त."

तो ऐकून संपायच्या आत ग्रुप वाजला. पद्मजाताई लिहीत होत्या: "उद्या दोन वाजता पाण्यावर जायचं आहे. साडी साधी चालेल. वैदेहीनं म्यूटवर राहावं."

खाली लिंक होती. या वेळी अगदी बरोबर.