सासऱ्यांच्या कॅल्क्युलेटरमधला कॉम्प्युटर

जावयाने कॅल्क्युलेटरचा शेवटचा स्क्रू काढला तेव्हा सासरे आतल्या खोलीत घोरत होते आणि दुकान चारला उघडायचं होतं. म्हणजे हातात चांगले दोन तास होते. दोन तासांत माणूस काय वाटेल ते करू शकतो, असं या जावयाचं कायमचं मत.

घराला लागूनच सासऱ्यांचं पडद्यांचं दुकान होतं, आणि हा विटेएवढा जाडजूड कॅल्क्युलेटर म्हणजे त्या दुकानाची शान. खिडकीची मापं ऐकायची, टकाटक बटणं दाबायची आणि कापड किती लागेल ते सांगायचं. तीस वर्षांत वीतभर कापड कमी पडलं नव्हतं. त्या डब्यात जावयाला आपला नवा कॉम्प्युटर बसवायचा होता. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी हिरवी पाटी, पण अख्खा कॉम्प्युटर! माप घातलं की चुण्यांसकट उत्तर बाहेर.

"बाबांच्या डब्याला हात लावशील तर बघ," बायकोने सकाळीच बजावलं होतं. "मिक्सर दुरुस्त केलास, तो अजून दारावरची बेल वाजली की सुरू होतो."

"मिक्सरची वायरिंग मुळातच चुकीची होती!"

त्या मिक्सरपायी सासऱ्यांपुढे अब्रू गेली ती गेलीच. आज ती परत मिळवायची होती.

सेलची जागा रिकामी निघाली. बरं झालं, तेवढीच जागा मिळाली, असं म्हणून त्याने पाटी आत ठेवली. झाकण बसेना. आतल्या प्लॅस्टिकच्या खुंट्या आड येत होत्या, त्या त्याने नेलकटरने कुरतडल्या. मग स्क्रू कशात अडकणार? म्हणून डिंकाची नळी आली. पाटीला बॅटरी जोडली, झाकण पुन्हा फुगलं. आता जाड म्हणावं असं आत एकच उरलं होतं, ती जुनी बटणं. ती उपटून त्याने केराच्या बादलीत टाकली आणि त्यांच्या जागी कागदासारखा पातळ कीपॅड चिकटवला. पुढेमागे चुकीच्या मापाला शिट्टी वाजवता यावी म्हणून एक चिमुकला भोंगाही कोपऱ्यात कोंबला. झाकण चिकटलं, स्क्रीन उजळला, आणि बाहेर कचऱ्याची गाडी बादली रिकामी करून निघून गेली.

चारला सासरे दुकानात आले. पाठोपाठ एक बाई आल्या आणि त्यांनी सात खिडक्यांची मापं सांगितली. सासऱ्यांनी नेहमीसारखी भराभर बटणं दाबली. आवाज नाही. पुन्हा दाबली. वरच्या स्क्रीनवर ठळक आकडा आला: अठ्ठ्याहत्तर लाख मीटर.

सासऱ्यांनी त्यावर झटकन पंजा ठेवला. "जावईबापू, जरा आत या."

आत जावयाने सगळं कबूल केलं. "पण बाबा, माप नीट घाला, उत्तर बरोबरच येईल."

"उत्तर कुणाला हवंय? बावीस मीटर, ते माझ्या डोक्यात आहे! डबा बारा वर्षांपूर्वीच मेलाय."

"मग बटणं?"

"वाट्टेल ती दाबतो. नुसतं तोंडाने सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, परत एकदा बघा. टकटक ऐकलं की मुकाट्याने कापड घेऊन जातं. तुमच्या सासूबाई दरवर्षी नवे सेल आणतात, ते माझ्या रेडिओत जातात. आता ती बटणं काढा बाहेर!"

"ती... कचऱ्याच्या गाडीतून गेली."

सासरे मटकन खाली बसले. बाहेरून बाई ओरडल्या, "काका, जमत नसेल तर मी दुसरीकडे जाते हं!"

 मग एकदम जावयाला कोपऱ्यातला भोंगा आठवला. "दोन मिनिटं द्या, बाबा!" त्याने लॅपटॉप जोडला, प्रोग्रामच्या चार ओळी लिहिल्या आणि स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावून डबा सासऱ्यांच्या हातात दिला.

सासऱ्यांनी बाहेर येऊन भीत भीत एक बटण दाबलं. टक. दुसरं दाबलं. टक. मग त्यांची बोटं सुटली.

"बावीस मीटर," ते म्हणाले.

"हां, आता कसं," बाई म्हणाल्या. "द्या कापून."

त्या गेल्यावर सासऱ्यांनी लेकीला मुद्दाम हाक मारली. "जावईबापूंनी डबा काय झकास केलाय! कसब आहे हो हातात!"

बायको डब्याकडे बघतच राहिली. "नक्की काय बसवलंस यात?"

"कॉम्प्युटर."

"आणि तो करतो काय?"

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे छताकडे पाहत होते.

"पुष्कळ काही," जावई छाती फुगवून म्हणाला, आणि तेवढ्यात घराच्या दारावरची बेल वाजली. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.