दिवेकरांची माघार

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतले दिवेकर कुठल्याही पत्त्यावर विश्वास ठेवत नसत. लग्नाची पत्रिका आली की आदल्या दिवशी बसने जाऊन कार्यालय जागेवर आहे ना, हे पाहून यायचे. आमच्या मुलीचं स्थळ जुळत होतं तेव्हा मुलाच्या घरीही न सांगता जाऊन आले. "घर आहे," एवढाच अहवाल.

"आणि माणसं कशी आहेत?"

"त्यासाठी गेलो नव्हतो, वहिनी. बेल वाजवली, कुणीतरी दार उघडलं. पुरे."

असा माणूस महापालिकेला अपक्ष उभा राहिला. कारण, आमच्या गल्लीतलं तुंबणारं गटार. बायको जाऊन वर्ष झालेलं. घरात करमत नसेल, असं आम्ही आपापसांत बोललो आणि चहा प्यायलो.

मी तेव्हा साठीची, म्हणजे आजच्या मानाने पोरसवदाच. कॉम्प्युटरचा क्लास नुकताच पुरा करून जी काही मिरवत होते, ते आठवलं की आज स्वतःलाच एक चापट द्यावीशी वाटते. मतदान तोंडावर आलं असताना मी दिवेकरांचं नाव इंटरनेटवर टाकलं, तर त्यांच्या पूर्ण नावाची वेबसाइट! वर हसरा फोटो, खाली निवेदन: 'मी माघार घेत आहे. माझी मतं भाऊंना द्या.' भाऊ म्हणजे समोरचा उमेदवार. मी लगबगीने जिना उतरले.

"बरं केलंत हो दिवेकर! या वयात दगदग कशाला?"

"काय केलं मी?"

"माघार! तुमच्याच वेबसाइटवर आहे."

"माझी वेबसाइट? अहो, मला मोबाइलवरचा गजर बंद करता येत नाही."

त्यांच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता भाऊंच्या माणसांनी आधीच विकत घेऊन ठेवला होता. साइटवर खराडीतल्या एका इमारतीचा पत्ताही छापलेला. दिवेकर अर्थातच गेले. तिथे निघालं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान.

"चौकशी केली," परत येऊन म्हणाले. "कुत्र्यांनी हात झटकले."

मग घरोघर फिरले. लोक दारातच मोबाइल दाखवायचे, "अहो, पण इथे तर माघार लिहिलंय!" समोर घामाघूम झालेला माणूस सांगतोय आणि हे पडद्यात बघून त्याला खोटं ठरवताहेत. इंजिनिअर काय, प्राध्यापक काय, सगळे शहाणे. मतं किती पडली ते विचारू नका. भाऊ निवडून आले. गटार अजून तुंबतं.

निकालानंतर मी तावातावाने पोलिसांसाठी तक्रार लिहिली. साइट बंद होईल, फक्त दिवेकरांची सही हवी होती. त्यांना आमच्या घरी बोलावून साइट उघडली आणि पहिल्यांदाच पार तळापर्यंत गेले. तिथे आमच्या एका जुन्या कोजागिरीचा व्हिडिओ होता, सोसायटीतल्याच कुणीतरी पुरवलेला. दिवेकर माइक धरून गटारावर बोलताहेत. त्यांची बायको पदर सावरत, हसत येते. "अहो, पुरे आता. दूध गार झालं. चला घरी." वर मथळा: 'घरच्यांचाही हाच आग्रह.'

माझ्या तोंडात शिवी आली. दिवेकरांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "परत लावता?"

लावलं. पुन्हा एकदा लावलं.

"सही केली की हेही जाईल?"

"सगळंच जाईल."

त्यांनी पेनाला टोपण घातलं, कागद माझ्याकडे सरकवला.

"राहू दे, वहिनी." पुन्हा पडद्याकडे बघितलं. "दुपारचा येत जाऊ का? तुमची झोपमोड होणार नसेल तर."