दादूचा बेसूर

मी नवे स्पीकर घेतले ते फक्त दादूसाठी. (माझ्या बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात चांगल्या हेतूनेच होते.)

सोळा वर्षांपूर्वी मालाडच्या भजनस्पर्धेत आमचं चारकोपचं मंडळ हरलं. गजर ऐन रंगात असताना कोरसमधलं कुणीतरी बेसूर झालं. तो दादूच, असं सगळ्यांत आधी मी म्हणालो. दादू भांडला नाही. त्याने गाणं सोडलं आणि हातात झांज घेतली. मी मात्र गातच राहिलो.

रविवारी दादू जेवायला येणार होता. म्हटलं, त्याला त्या स्पर्धेचं जुनं रेकॉर्डिंग झकास ऐकवू. "एकेक आवाज सुटा ऐकू येईल, सर," दुकानदार म्हणाला होता.

शनिवारी लावून पाहिलं. पखवाज सुटा, बुवांचा श्वास सुटा, कुणाची तरी ढास सुटी. मग डावीकडून एक आवाज सगळ्यांना सोडून भलतीकडेच निघाला.

नलिनी पळी घेऊनच बाहेर आली. "अहो, हे तर तुम्ही."

"दादू आहे तो."

"दादूभावोजी उजवीकडे गातायत, सुरात. हा तुमचाच. रोज बाथरूममधून ऐकते ना मी."

चार वेळा ऐकलं. चारही वेळा मीच होतो. इतक्या वर्षांची दोस्ती उद्या जेवणाआधीच संपणार होती. मी मुकाट्याने माळ्यावरचा जुना स्पीकर काढला. त्याच्यात पंधरा जणांचा मिळून एकच जाडा आवाज येतो, आणि त्यात मी कुठेच सापडत नाही.

रविवारी दादूने डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच तो म्हणाला, "जुनोच लावलंस? बरा केलंस. दिवाळीक मीय नवीन घेतलंय. तेच्यावर ह्या सगळा सुटा आयकलंय."

माझी मान खाली गेली. "दादू, चुकलं रे माझं."

"अरे तुळश्या, सोळा वर्सां माकाच वाटत होता, मीच चुकलंय. आता बरा वाटता." तो हसला. "यंदा मी गातंय. तू झांज धर."

एवढ्यावर निभावलं म्हणून मी देवाचे आभार मानले.

"झांज नको हो भावोजी," नलिनी आतून म्हणाली, "त्यांच्या तालाचीही बोंब आहे. त्यांना चहाचे कप गोळा करायला ठेवा."

मला इतकं हलकं वाटत होतं की मी लगेच उठून कप गोळा केले. दोन फुटले.