खंदारे काकांची हरकत

आमच्या वास्तुशांतीला कुणी नारळ आणला, कुणी पेढे. शेजारचे खंदारे काका बादलीभर पाणी घेऊन आले. घरात शिरायच्या आधी त्यांनी ते अंगणात ओतलं आणि गुडघ्यांवर हात टेकून ते कुठं वाहतंय ते बघत राहिले. पाणी जिन्याखाली जाऊन थांबलं.

"मिस्तरीनं फसवलं बाई तुमाला," एवढं बोलून ते आत आले आणि निवांत जेवले. त्या पावसाळ्यात जिन्याखाली ठेवलेली गव्हाची कोठी भिजली. तेव्हापासून मी काकांना मानते.

काकांची सगळी नोकरी येलदरीच्या धरणावर गेली. त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न शेवटी पाण्यापाशी येतो, असं त्यांचं मत. कुणाच्या मुलीला स्थळ आलं तरी विचारणार, "घर चढावर हाय का उतारावर?" काकूंना जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी नाशिकला. बरं आहे ना म्हणून विचारलं, की म्हणतात, "मला काय धाड भरलीय? लय मजेत हाय."

गेल्या हिवाळ्यात काकांच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर पाटी लागली. तिथं आठ रो-हाऊस होणार होती. परभणीतली आमची कॉलनी एरवी शांत, पण पाटी बघून सगळे हलले. कुणाला गाड्या कुठं लागतील याची काळजी, कुणाला बोअर आटायची. काकांनी कमिटी काढली. मी शाळेत शिकवते आणि माझं अक्षर बरं आहे, म्हणून हरकती लिहायचं काम माझ्याकडे आलं. दर गुरुवारी संध्याकाळी काकांच्या ओट्यावर बैठक. चहा आणि काकांनी स्वतः केलेली मुरमुऱ्यांची सुशीला ठरलेली.

पहिल्याच बैठकीला बिल्डर आला. गंगाखेडचा तरुण, बोलायला मऊ. त्यानं रंगीत चित्र पसरलं. घरांपुढं फुलझाडं, झोपाळे. काकांनी चष्मा लावला.

"चित्र लय झकास हाय. ह्यात संडास कुठं हाय?"

"काका, चित्रात तसं दाखवत नसतात."

"मग माणसं बी चित्रातलीच ऱ्हाणार का?"

काकांनी त्याला बादली घेऊन अख्ख्या प्लॉटवर फिरवलं. आठ घरांचं सांडपाणी उतारानं सरळ आमच्या गल्लीत येणार होतं आणि शोषखड्डा तीन घरांच्या बोअरला खेटून. बिल्डरचा चेहरा उतरला. सगळं लिहून घेऊन तो गेला.

त्यानंतर हरकती वाढतच गेल्या. पाणी, खड्डा, गाड्या झाल्यावर काका म्हणाले, "समदी घरं एकासारखी एक. पाहुणा चुकून दुसऱ्याच्या घरी जेवून जाईल. लिहा बाई." मी तेही लिहिलं.

एके दिवशी बिल्डर मला शाळेबाहेर भेटला. रडकुंडीला आला होता. "मॅडम, आता काय राहिलं? आठाची सहा घरं केली. खड्डा पलीकडं नेला, नालीपर्यंत वेगळा पाइप टाकायलोय. सही करून काकांच्या हातात पत्र दिलं. महिना झाला!"

मी तणतणत काकांकडे गेले. ते कांदा चिरत होते.

"काका, पत्र कुठंय?"

ते कांदा ठेवून उठले. गादीखालून पत्र काढून माझ्यापुढं ठेवलं.

"दाखवणार होतो."

"कधी? तो बिचारा रोज हेलपाटे घालतोय!"

"चूक झाली." ते पुन्हा कांदा चिरायला बसले. "वाचून दाखवलं असतं तर बैठक संपली असती."

"संपायलाच हवी ना?"

"हां. संपायलाच पायजे." चिरलेला कांदा ताटलीत सारत त्यांनी विचारलं, "उद्या किती जण येतील? मुरमुरे किती भिजवू?"



दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः पत्र वाचलं. महिनाभर दाबून ठेवलं होतं, हेही सांगून टाकलं. लोक आधी चिडले, मग मागण्या मान्य झाल्याच्या आनंदात हसले आणि चपला शोधायला लागले. काका वाट्या गोळा करत होते.

"थांबा," मी म्हणाले. "नवीन सहा घरची माणसं येणार. त्यांना इथलं सगळं सांगणार कोण? कमिटी मोडून कसं चालेल?"

कारण लंगडं होतं. पण कुणीतरी काकांकडे पाहिलं आणि परत खाली बसलं. मग बाकीचेही बसले.

पुढच्या गुरुवारी विषय काहीच नव्हता, तरी सात जण आले. गप्पा रंगल्या असताना बिल्डरची मोटारसायकल दाराशी थांबली. तो बिचकत उंबऱ्याशी उभा राहिला. काका आतून भरलेली वाटी घेऊन आले आणि त्याच्या हातात देत म्हणाले,

"एवढा उशीर करतात व्हय रे?"