सहा वेटोळी व एक दिवा यांची हकीकत

सकल गुणिजन, सुज्ञ शेजारी आणि वीज गेली असता खिडकीत येऊन उभे राहणारे समस्त रयतलोक यांसी जाहीर व्हावे की, घरच्या घरी पवनचक्कीचे जनित्र उभारण्याची जी मोहीम स्वयंपाकघरालगतच्या खोलीत जाहली, तिची हकीकत पदरचे काही न घालता लिहिली असे.

सेवानिवृत्त ड्राफ्ट्समन राजमान्य खटपटराव यांणी मनसुबा केला की, लोहचुंबकांची दोन चक्रे समोरासमोर फिरवावी आणि मधोमध तारेच्या वेटोळ्यांची चकती स्थिर ठेवावी, म्हणजे वाऱ्यावर दिवा लागेल. मग जेवणाचे मेज काबीज केले आणि कुटुंबकबिला मांडीवर ताटे घेऊन जेवू लागला. तेव्हा घराच्या मुखत्यार बाईसाहेब यांचा हुकूम सुटला की, रविवारी आमचे बंधू जेवावयास येत आहेत, पाने मांडण्यापूर्वी दिवा लागला तर ठीक, न लागल्यास सर्व सरंजाम माळ्यावर रवाना व्हावा. रावसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले, कारण माळ्यावर गेलेली कोणतीही मोहीम आजवर खाली उतरली नव्हती.

प्रथम लोहचुंबकांची नेमणूक जाहली. प्रत्येक चक्रावर आठ, उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने, ऐसा बंदोबस्त. परंतु ही फौज मोठी बेबंद. एकाने पक्कड ओढून नेली, दुसऱ्याने बाईसाहेबांची शिवणाची कात्री गिरफ्तार केली, आणि तिसरा चौथ्यास भिडला त्या समयी रावसाहेबांचे बोट मध्ये होते. मोठी बोंब जाहली. मग बाईसाहेबांनी जातीने येऊन, लाकडी पट्टीची पाचर सारून, बोट सोडविले आणि हे काम एकट्याच्याने होणे नाही ऐसे जाणून स्वतः तार गुंडाळावयास बसल्या.

तार गुंडाळावयाचे हँडलचे यंत्र मेजावर पक्के केले होते. त्याच्या एका बाजूस बसून रावसाहेब उजव्या हाताने गुंडाळीत. बाईसाहेब जन्माच्या डावऱ्या, सबब त्या समोरच्या बाजूस बसल्या, तेथून हँडल बरोबर डाव्या हातास येई. त्यांची वेटोळी रावसाहेबांच्यापेक्षा कांकणभर सरस उतरली, हे रावसाहेबांनीही कबूल केले. तीन यांची, तीन त्यांची जाहली, आणि टोकांस ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी बांधली. मग कोणाचा मान कमी न व्हावा म्हणून एक रावसाहेबांचे, एक बाईसाहेबांचे, ऐसी एकाआड एक गोलाकार मांडली आणि समोरासमोरच्या दोहोंची जोडी लावून, तारांची टोके बाहेर ठेवून, रेझिन ओतले. चकती दगडासारखी घट्ट जाहली.

रविवारी बंधू दाखल जाहले. चक्र फिरविले, दिवा लागेना. जोरात फिरविले, तरी लागेना. मग जोड्या सोडवून मीटरने एकेक वेटोळे तपासले, तो प्रत्येकात वीज हजर. पुन्हा जोडी लावावी, तो काटा शून्यावर. बंधू खुर्ची ओढून बसले आणि बोलले, “दाजी, डावरीच्या हातात काम दिलंत, मग काय होणार! लहानपणी एवढ्या पट्ट्या खाल्ल्या, तरी हिचा हात वळला नाही तो नाहीच.”  बाईसाहेबांनी डावा हात मेजाखाली घेतला. ते पाहून लिहिणारासही फार वाईट वाटले.

रावसाहेब यंत्राकडे पाहत राहिले. मग उठून या बाजूने हँडल फिरविले, त्या बाजूने फिरविले, आणि मामला ध्यानी आला. दोघांनीही हँडल आपल्यापासून पुढे लोटले, परंतु दोघे बसले समोरासमोर, म्हणोन तारेचे फेरे परस्परांच्या उलट पडले. त्यात मानापायी मांडणी ऐसी की प्रत्येक जोडीत एक यांचे व एक त्यांचे. एकाने वीज इकडे लोटावी, दुसऱ्याने तितक्याच जोराने तिकडे. दोघेही समर्थ, दोघेही खरे, आणि बेरीज शून्य. संसारी वाचकांस अधिक लिहिणे नलगे.

रेझिन फोडण्याची गरज नव्हती. तारांची टोके बाहेरच होती, प्रत्येक जोडीतील एकाची अदलाबदल केली की काम फत्ते. बंधूंनी फर्मावले की, तिच्या वेटोळ्यांची टोके उलटी करा. रावसाहेबांनी सोल्डरिंग आयर्न तापविले आणि एकामागून एक तीन वेटोळ्यांची टोके उलटी जोडली.

बंधू वाकून पाहत होते. “अहो दाजी, ही तर तुमची! उलटी तिची होती.”

“कशावरून?” रावसाहेब म्हणाले.

बंधू पुन्हा वाकून वेटोळी पाहू लागले.

मग चक्र कोणी फिरवावे ऐसा सवाल निघाला, आणि बाईसाहेबांनी मेजाखालून हात काढून, बंधूंच्या डोळ्यांदेखत, चक्रास एक सणसणीत गती दिली. दिवा लखलखीत लागला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. उलटे कोण आणि सुलटे कोण याचा निवाडा कोणी मागितला नाही, सबब तो येथे लिहिला नाही. चक्र डाव्या हाताने फिरले, इतके मात्र कायम दप्तरी दाखल केले असे.