आत्याच्या मापाची मोटार

बकुळाआत्या चार दिवसांसाठी म्हणून कात्रपहून अंबरनाथला भाच्याकडे आली होती. आल्याबरोबर तिने घातलेलं लोणचं आता मुरून संपत आलं होतं आणि भाचेसून मालिनी हल्ली माणसांपेक्षा भांड्यांशी जास्त मोठ्याने बोलू लागली होती.

आत्या वाईट नव्हती. ती फक्त स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची आणि मालिनीने डबा उघडला की त्याचं नाव घ्यायची. "हिंग." थोड्या वेळाने, "पुन्हा हिंग." शेवटी मालिनीने नवऱ्याला, म्हणजे हेमचंद्रला, सांगून टाकलं की एकादशीच्या आत आत्या कात्रपला पोचल्या नाहीत, तर ती माहेरी पोचलेली असेल. हेमचंद्रची झोप उडाली. तो घरातल्या घरात इकडून तिकडे फिरू लागला आणि आत्या त्याला विचारू लागली की पोटाला काही झालंय का.

गंमत म्हणजे आत्याही निघायला एका पायावर तयार होती. दुसरा पाय मोटारीत चढत नव्हता, एवढीच अडचण होती. हेमचंद्रची मोटार लढाईच्या काळात कुठल्याशा गोऱ्या साहेबाने वापरलेली आणि बैलगाडीइतकी उंच. कात्रपला शेजारच्या इंदुबाईसमोर भाच्याच्या मोटारीतूनच उतरणार, असं आत्या गावात सांगून आली होती, त्यामुळे आगगाडीचा प्रश्नच नव्हता. मागून ढकलून चढवणंही तिला मंजूर नव्हतं.

"मी काय पोतं आहे?" आत्याने विचारलं.

हेमचंद्र कारखान्याच्या तपासणी खात्यात अधिकारी होता. आत्या उंच होत नसेल तर मोटार बुटकी करावी, हे त्याला कचेरीत बसल्या बसल्या सुचलं. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात सुगनोमल नावाचा मेकॅनिक होता. त्याने चारी स्प्रिंगांच्या पोलादी पट्ट्यांतली दोन-दोन पानं काढून टाकली. मोटार म्हशीसारखी खाली बसली. आत्या पाटावर बसावं तशी आत जाऊन बसली आणि मालिनीने त्या दिवशी शिरा केला.

पण गाडी खाली आली आणि पुढची चाकं फाकली. दोन फेऱ्यांत टायर आतल्या अंगाने खवणीवर धरल्यासारखे झिजले. त्या काळी नवे टायर मिळवायचे म्हणजे दुकानदाराकडे नाव घालून म्हातारं व्हायचं. हे टायर निदान कात्रपपर्यंत टिकायला हवे होते. हेमचंद्र पुन्हा कॅम्पात गेला. सुगनोमल म्हणाला, त्यात काय, दोरी लावून चाकं सरळ करून देतो, साहेबांनी तोवर चहा घ्यावा.

इथे हेमचंद्रमधला तपासणी अधिकारी जागा झाला. रिकाम्या गाडीचं माप घेऊन उपयोग काय? त्यांच्या कारखान्यात कुठलीही वस्तू जे वजन पेलायचं त्याच वजनाखाली तपासत. सुगनोमलने खांदे उडवले. त्याला आजवर कोणी चाकं सरळ करायला आत्या आणली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमचंद्र चाकाशी, आत्या पुढे डावीकडे, मालिनी मागे उजवीकडे आणि मध्ये आत्याची ट्रंक, अशी मोटार सुगनोमलच्या अंगणात उभी राहिली. आत्याने हलायचं नाही, असं ठरलं. दोरी ताणली गेली, खडूच्या खुणा झाल्या, पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा पेच पिळून पिळून बसवला गेला. आजूबाजूच्या सिंधी बायका जमल्या. त्यांनी रीतीप्रमाणे खिडकीतून पापड आणि पाणी दिलं. आत्याने पापड खाल्ला आणि त्यात हिंग कमी असल्याचं सांगितलं. मालिनीने मागच्या सीटवर डोळे मिटून घेतले.

काम संपल्यावर दोघी हात धुवायला उतरल्या, तेवढ्यात हेमचंद्रने एक चक्कर मारून बघितली. मोटार उजवीकडे वळली आणि खाटेवर वाळत घातलेल्या पापडांत जाऊन थांबली. माफी मागून तो परत आला. दोघींना बसवून पुन्हा निघाला तर मोटार सुतासारखी सरळ.

"साईं," सुगनोमल म्हणाला, "अब ये गाडी अम्मा के नाप की हो गई."

मग आता पुन्हा रिकाम्या गाडीच्या मापाने फिरव, असं हेमचंद्र म्हणाला. पण पेचाचे आटे गेले होते. आणखी फिरवला तर दांडाच निसटेल, आणि नवा दांडा मुंबईहून यायला महिना लागेल. उद्यावर तर एकादशी आली होती. मालिनीने खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं की जाताना आत्या आहेतच, येतानाचं येताना बघू.

जाताना मोटार फार सुंदर चालली. इंदुबाईच्या दारात आत्या कोणाचाही हात न धरता उतरली आणि पदर सारखा करत तिने सगळं अंगण एकदा बघून घेतलं. नमस्कार झाले. हेमचंद्र आणि मालिनी निघाले. मोटार उजवीकडे वळत वळत गोल फिरून परत इंदुबाईच्या दारात आली. पुन्हा निघाले, पुन्हा आले. टायरांचा जळका वास सुटला.

"भाच्यांचं काही राह्यलं का गं?" इंदुबाईने आत्याला विचारलं.

मग आत्याच्या जागी वजन ठेवायचं ठरलं. इंदुबाईने भाताचं पोतं पुढे केलं, पण रेशनिंगमुळे नाक्यावर धान्य पकडत होते. म्हणून रेती भरली. रेतीचं पोतं पहिल्याच वळणावर हेमचंद्रच्या मांडीवर झोपलं.

आत्या ओटीवरून हे शांतपणे बघत होती. ती उठली, पोतं ओढून खाली टाकलं आणि त्या जागी बसली.

"चल हेमू. असा कसा पोचशील तू घरी?"

मालिनी खाली उतरली, आत्याच्या खिडकीशी आली आणि तिने हात पुढे केला. "आत्या, तुमच्या घराची किल्ली द्या."

"कशाला गं?"

"बंद घरात दिवा लावायला नको का कोणीतरी?"

हेमचंद्रने घाईघाईने विचारलं, मग त्याच्या जेवणाचं काय. "आत्या आहेत ना," मालिनी म्हणाली, आणि किल्ली घेऊन ती आत्याच्या घराकडे अशी निघाली की दोघांपैकी कोणालाच हाक मारायचं सुचलं नाही.

गावाबाहेर पडल्यावर हेमचंद्रच्या लक्षात आलं की मोटार डावीकडे ओढते आहे. फार नाही. मालिनी होतीच केवढीशी. पण त्याला सारखं चाक उजवीकडे दाबून धरावं लागत होतं आणि हात भरून आले होते. आत्याने थोडा वेळ बघितलं, मागे वळून रिकाम्या सीटवर नजर टाकली.

"थांबव," ती म्हणाली. "सूनबाईला घेऊन येऊ."

"आणि तू उतरणार?"

"मी उतरले तर मोटार पुन्हा उजवीकडे जाईल की रे."

हेमचंद्रने मोटार वळवली. डावीकडे ती आपली आपणच वळली.