केलन स्टब्जच्या कोपराचा सर्वांगीण विकास

कोणतीही मौल्यवान वस्तू वापरली की झिजते आणि न वापरता ठेवली की तिची किंमत वाढते, हे तत्त्व आता सर्व सुधारलेल्या माणसांनी मान्य केलं आहे. चांगले कप कपाटात असतात, चांगली चादर पाहुण्यांसाठी असते आणि बेसबॉलमधला चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बाकावर असतो. आमच्या केटल फोर्क गावात हे तत्त्व जरा उशिरा पोचलं, कारण आम्ही पडलो बीट पिकवणारी माणसं. बीट ऑक्टोबरात उपटायचं, साखर कारखान्याला घालायचं, विषय संपला. ते आणखी पाच वर्षं जमिनीतच ठेवलं तर त्याचा विकास होईल, असं आम्हाला कधी सुचलं नाही.

आमच्या बेसबॉल संघाचं नाव ‘झुंजार बीट’. संघ मायनर लीगचा आहे. म्हणजे पोरं आमच्या गावात राहतात, आमच्या हातचं खातात आणि मालकी मात्र मेजर लीगमधल्या एका बड्या क्लबाची असते. त्या क्लबाला आम्ही नुसतं ‘वरचे’ म्हणतो. वरच्यांनी पोरं पाठवायची, आम्ही ती सांभाळायची आणि एखादा बरा निघाला की वरच्यांनी तो उचलून न्यायचा. (कावळा आणि कोकिळेची व्यवस्था याहून फार वेगळी नाही. फरक एवढाच की कावळ्याला आधी कल्पना दिलेली नसते.)

मी व्हर्न टॉफ्ट, मैदानावरचा निवेदक. माझी बायको लोर्ना संघाची अधिकृत स्कोअरर आहे. बॅटर चेंडू मारून सुखरूप पहिल्या ठाण्यावर (बेसवर) पोचला, तर ती त्याची खरी ‘हिट’ की क्षेत्ररक्षकाची ‘चूक’, याचा निवाडा ती करते. तिच्या निवाड्यावर अपील नाही, हे मी संसाराच्या अनुभवावरून सांगू शकतो. निवृत्त होईपर्यंत ती कारखान्याच्या वजनकाट्यावर होती आणि तिथे तिने सख्ख्या भावाचा ट्रक चिखल झाडून आणायला परत पाठवला होता. भाऊ पुढे दोन नाताळ जेवायला आला नाही. लोर्नाने तेवढी ताटं कमी मांडली.

तर आमच्या तळघरात केलन स्टब्ज राहायला आला. मिसूरी राज्यातल्या एका कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबातला, तेवीस वर्षांचा, सहा फूट चार इंच उंच मुलगा. त्याचा उजवा हात ताशी अठ्ठ्याण्णव मैलांनी चेंडू टाकत असे, म्हणजे टाकू दिला तर. त्याच्या विकासाची पाच वर्षं तेव्हा पूर्ण झाली होती आणि प्रगती डोळे दिपवणारी होती. अठराव्या वर्षी त्याला एका सामन्यात शंभर चेंडू टाकायची मुभा होती, तेव्हा वरच्यांच्या गुणवंतांच्या यादीत तो चाळिसावा होता. मर्यादा नव्वदवर आली, तो बाविसावा झाला. पंच्याहत्तरवर आली, नववा झाला. गेल्या वसंतात कोपर जरा धरलं म्हणून चार महिने त्याने चेंडूला हातच लावला नाही. त्या काळात त्याच्या हातून एकही चूक घडली नाही, सबब त्याला दुसरा क्रमांक देण्यात आला. सरळ हिशेबाने पाहता, हातच कापून टाकला असता तर पहिला क्रमांक कुणी हिरावून घेऊ शकलं नसतं.

हे सगळं घडवून आणणारा माणूस म्हणजे वरच्यांचा विकास-संचालक प्रेस्टन व्हाइटली. वय एकोणतीस. त्याआधी तो सफरचंदांच्या शीतगृहात नासाडी-नियंत्रण पाहत होता आणि तिथलं त्याचं काम वाखाणलं गेलं होतं. आमच्याकडेही त्याने नासाडी जवळजवळ थांबवली. त्याच्या सूचना घरापर्यंत पोचत. केलनने लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडू नये. कुत्र्याला फिरवताना दोरी डाव्या हातात धरावी. उजव्या कुशीवर झोपू नये. चर्चच्या दारात पाद्रीबाबांशी त्याने उजव्या हाताने हस्तांदोलन केलं, त्याचा अहवाल गेला आणि पाद्रीबाबांना ‘मध्यम जोखमीची व्यक्ती’ ठरवण्यात आलं. (ते ऐकून पाद्रीबाबा आठवडाभर खुशीत होते. त्यांना आयुष्यात कुणी जोखमीचं म्हटलं नव्हतं.)

केलन हे सगळं मुकाट्याने पाळायचा. फक्त एकदा, मागच्या ओट्यावर जेवताना, त्याने मला विचारलं, “मिस्टर टॉफ्ट, सामना संपतो तेव्हा मैदानावर नेमकं काय होतं हो?”

“म्हणजे? संपतो तो.”

“ते कळलं. पण मी कधी पाहिलंच नाही ना. मी तेव्हा आत असतो, कोपर बर्फात घालून. शाळेत होतो तेव्हापण पाचव्या डावात काढायचे.” त्याने काटा खाली ठेवला. “मला एकदा शेवटच्या माणसापर्यंत टाकायचंय. एकदाच. हरलो तरी चालेल. मग नका नेऊ वर.”

लोर्नाने त्याच्या ताटात आणखी एक कोबी-खिम्याचा बन टाकला आणि म्हणाली, “खा. डाव्या हाताने.”

आता जून महिन्यातल्या त्या रविवारकडे येऊ. दुपारचा सामना, समोर ड्राय क्रीकचा संघ, प्रेक्षक सहाशेच्या आसपास. (त्यातले निम्मे अर्ध्या किमतीच्या सॉसेजसाठी आले होते, पण उपस्थिती ती उपस्थितीच.) पहिल्या डावात ड्राय क्रीकला हिट मिळाली नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात नाही. पाचव्या डावानंतर डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या खेळाडूंच्या खोपटात, केलनच्या दोन्ही बाजूंची माणसं उठून लांब जाऊन बसली, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की पथ्य सुरू झालं आहे.

हे पथ्य बेसबॉलच्या सगळ्या नियमांहून जुनं आहे. एखादा पिचर एकही हिट न देता डावामागून डाव काढत पूर्ण सामन्याच्या दुर्मिळ विक्रमाकडे निघाला की त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे पाहायचं नाही आणि त्या गोष्टीचा उच्चार तर मुळीच करायचा नाही. केला की दृष्ट लागलीच म्हणून समजा. मैदानावर जो जिथे होता तिथेच राहिला. बिअर विकणारा माणूस पायरीवर एक पाय उचललेला होता, त्याने तो तसाच धरला. माझ्या ओळखीच्या तीन बायकांना स्वच्छतागृहात जायचं होतं, गेल्या नाहीत. धावफलकाच्या पाटीवर केलनने टाकलेल्या चेंडूंची संख्या दिसायची, ती पाटीवाल्याने स्वतःच्या जबाबदारीवर बंद केली. मी निवेदक असूनही हवामानाबद्दल बोलत राहिलो.

सातव्या डावाअखेर केलनचे चौऱ्याहत्तर चेंडू झाले. मर्यादा पंच्याहत्तर. आणि इथे दोन शास्त्रांची टक्कर झाली. पिचर काढायचा तर मॅनेजरने त्याच्याजवळ जायचं असतं, हातातला चेंडू घ्यायचा असतो आणि दोन शब्द बोलायचे असतात. आमचा मॅनेजर बर्ट पाचेको एकसष्ट वर्षांचा. तरुणपणी त्याने अशाच एका पिचरला “आता सहाच गडी राहिले” एवढंच म्हटलं होतं आणि पुढच्या चेंडूवर घात झाला. तो पिचर अजून त्याला ओळख दाखवत नाही.

निवेदक आणि स्कोअरर बसतात ती आमची खोली डगआउटच्या बरोबर वर, मध्ये फक्त पत्रा. त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. व्हाइटली धावत खाली आला आणि कठड्याबाहेर थांबला, कारण गणवेश नसलेल्या माणसाला डगआउटमध्ये यायला परवानगी नाही आणि नियम मोडायची त्याला सवय नव्हती.

“काढा त्याला! पंच्याहत्तर होतायत!”

“हळू बोल की रे,” पाचेको कुजबुजला. “काढायचं तर बोलावं लागेल.”

“मग बोला!”

“तू पाठव कुणाला तरी. मी नाही बोलणार.”

“दुसरा पिचर तयार करा निदान.”

“कुणी तयार व्हायला उठत नाही. एकाचं पोट दुखतंय, दुसऱ्याला बूट सापडत नाही.”

“त्याच्या तर पायात आहेत बूट!”

“म्हणूनच सापडत नाहीत,” पाचेको म्हणाला.

व्हाइटलीने मग अधिकृत मार्ग धरला. त्याने केलनला तातडीचा ईमेल पाठवला. विषय होता ‘थांब’. केलनचा फोन आत कपाटात होता. प्रत मला आली. मी हवामान सांगितलं.

तुमच्या ध्यानात आलं असेल की केलनपुढे आता एकच वाट होती. कुणालाही हिट द्यायची नाही. हिट गेली की पथ्य सुटणार, पथ्य सुटलं की बोलता येणार, बोलता आलं की त्याला काढणार. पाच वर्षांत शेवटपर्यंत टाकायची पहिली संधी आली, ती अशी, की एकदाही चुकायची मुभा नाही. आठवा डाव निघाला. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात पहिला गेला, दुसरा गेला. एक माणूस राहिला. माझ्याकडचं हवामान संपलं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्या माणसाने चेंडू नुसता वर उडवला. मऊ, उंच, कुणाचाच नसलेला चेंडू. आमचा क्षेत्ररक्षक ओसोरिओ पाठमोरा धावला, आडवा झाला, त्याच्या ग्लव्हच्या टोकाला चेंडू चाटून गेला आणि गवतावर पडला. बॅटर पहिल्या ठाण्यावर पोचला.

सहाशे माणसांनी माना वळवून आमच्या खोलीकडे पाहिलं. हिट असेल तर लोर्ना एक बटण दाबते, चूक असेल तर दुसरं.

“हिट!” खालून व्हाइटली ओरडला. “हिट आहे! आता बोला त्याच्याशी!”

“पाटीवर आलं का?” पाचेको.

“दिसलं की सगळ्यांना!”

“मला या वयात बरंच काही दिसतं. पाटीवर येऊ दे.”

मी लोर्नाकडे पाहिलं. ओसोरिओच्या माथी चूक मारली असती तर गावाने तिला खांद्यावर घेतलं असतं. पण चिखलाचं वजन बीटमध्ये धरणारी बाई ती नव्हे, हे मला ठाऊक होतं. तिने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा पुसायला घेतला.

“लोर्ना?”

“काटा स्थिर झाल्याशिवाय मी आकडा सांगत नाही, व्हर्न.”

“किती वेळ लागेल?”

“नियमात चोवीस तास दिलेत.”

फोन वाजला. व्हाइटली होता. “मिसेस टॉफ्ट, निर्णय द्या ताबडतोब!”

“प्रकरण विचाराधीन आहे,” लोर्ना म्हणाली आणि तिने फोन खाली ठेवला. इतक्या वर्षांत वरच्यांनी आम्हाला पाठवलेल्या प्रत्येक पत्रात हे वाक्य असायचं. ते उलट्या दिशेने जाताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

हिट नाही, चूक नाही, म्हणजे पथ्य चालू. पाचेकोने हाताची घडी घातली. ड्राय क्रीकचा पुढचा माणूस उभा राहिला. केलनने एकदा आमच्या खोलीकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग बॅटरकडे. त्याने सात चेंडू टाकले. सातवा अठ्ठ्याण्णव मैलांचा होता. माणसाची बॅट मोकळ्या हवेला लागली, तो बाद झाला आणि सामना संपला.

सगळे धावले. केलन मात्र जागेवरच उभा. पाचेको त्याच्याजवळ गेला, तेव्हा तो म्हणाला (पाचेकोने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना नाक शिंकरलं), “बॉस, आता काय करायचं असतं?”

“आता? आता हात मिळवायचे असतात, पोरा.”

“कुठल्या हाताने?”

तेवढ्यात लोर्नाने चष्मा घातला आणि बटण दाबलं. पाटीवर अक्षरं उमटली: हिट. लोकांनी आमच्या खोलीच्या दिशेने उरलेली सॉसेज फेकली. “हिटच होती ती,” लोर्ना म्हणाली, “पहिल्यापासून.” खाली केलनने पाटी वाचली, टोपी काढली आणि हसत सुटला. विक्रम गेल्यावर इतकं मनापासून हसणारा माणूस मी पाहिलेला नाही.

अहवाल मंगळवारी आला. निकाल ‘हिट’ ठरल्यामुळे पथ्याचा लाभ त्या क्षणापासून देय नव्हता. आणि पथ्य हे कारण मुळातच मान्य नसल्यामुळे त्याआधीचाही नव्हता. चौतीस चेंडू अनधिकृत ठरले. केलन दुसऱ्या क्रमांकावरून एकतिसाव्यावर गेला आणि त्याला फ्लोरिडाला ‘पुनर्विकासासाठी’ हलवण्यात आलं. जाताना त्याने माझा हात उजव्या हाताने इतका जोरात दाबला की मीच कोपर चोळत बसलो. गुणवंतांच्या यादीत आता टेनेसीचा एक मुलगा पहिला आहे. त्याने चौदा महिन्यांत एकही चेंडू टाकलेला नाही, आणि तो फार मोठा होईल असं जाणकार म्हणतात.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली, त्या प्रत्येकाने ती शेवटपर्यंत ऐकली, व्हाइटलीला हसला, लोर्नाचं कौतुक केलं आणि मग पुढे वाकून एकच प्रश्न विचारला: “पण पुढे तो मेजर लीगमध्ये पोचला का?” तुमच्याही तोंडावर तोच प्रश्न आहे, मला दिसतोय. लाजू नका. व्हाइटलीला बढती मिळाली आहे, त्याची जागा रिकामी आहे आणि वरच्यांना अगदी तुमच्यासारखाच माणूस हवा आहे.